फालमथच्या छायाचित्रातील दोन डोलकाठ्यांची नौका: शिडाच्या जुन्या नौका ओळखाव्यात कशा?

उधाण_नेरूळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

निवृत्तीनंतर जुनी छायाचित्रे वर्षांनुसार लावून ठेवण्याचे काम मी हाती घेतले आहे. त्यात एक छायाचित्र असे निघाले की त्याच्या खाली काय लिहावे हे मला ठरवता येईना, म्हणून हा धागा काढत आहे. शिडाच्या जुन्या नौका पाहण्याची आवड असणारे आपल्यात आणखीही काही जण आहेत हे मला पूर्वीच्या चर्चांवरून ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्न एका नौकेचा असला तरी ओळखण्याच्या पद्धतीवर सविस्तर बोलणे व्हावे अशी इच्छा आहे.

ही आवड मला उशिरा लागली. 2016 साली मुलगी मार्सेलला शिकत असताना आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो, आणि सप्टेंबरच्या अखेरीस तिने आम्हांला सां-त्रोपे येथे नेले. तिथे दर वर्षी त्या सुमारास जुन्या आणि नव्या नौकांच्या शर्यती होतात. या प्रथेचा उगम 1981 साली दोन नौकांच्या मालकांमध्ये लागलेल्या पैजेत आहे. शर्यतीला निघण्यापूर्वी सकाळी सगळ्या जुन्या नौका धक्क्याला पाठ लावून ओळीने उभ्या असतात आणि आपल्याला त्यांच्या अगदी जवळून चालत जाता येते. पहिल्या दिवशी मला सगळ्या सारख्याच दिसल्या: चकाकणारे लाकूड, पितळ, पांढरी शिडे आणि दोरांचे भेंडोळे. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर काम करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी मुलीमार्फत मला सांगितले की नौकेचे नाव वाचायला घाई करू नका, ती लांब असतानाच तिच्या डोलकाठ्या मोजा आणि उंच काठी पुढे आहे की मागे ते बघा. त्या एका सूचनेने माझे पाहणेच बदलले. संध्याकाळपर्यंत मी दोन डोलकाठ्यांच्या नौकांमधला फरक सांगू लागलो होतो, आणि एका नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, जिथे कडेने जाणारी सोनेरी रेघ संपते तिथे, कोरलेला ड्रॅगन दिसल्यावर तो स्कॉटलंडमधील फेअरली गावच्या विल्यम फाइफ यांच्या कारखान्याचा ठसा आहे हेही कळले. तो ड्रॅगन पाहताना मला आपल्याकडच्या होडीच्या नाळेवर काढलेल्या डोळ्यांची आठवण झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मुलगी पुढे नोकरीसाठी इंग्लंडमध्ये एक्सिटरला गेली, आणि एप्रिल 2019 मध्ये तिच्याकडे असताना आम्ही एक दिवस कॉर्नवॉलमधील फालमथ बंदर पाहायला गेलो. पेंडेनिस किल्ल्याच्या टोकावर लोकांची गर्दी होती आणि समुद्रात बऱ्याच होड्या फिरत होत्या. ईस्टरच्या सुट्टीमुळे लोक बाहेर पडले असावेत असे मला वाटले. पत्नीला थंडी बाधू लागल्याने आम्ही लवकर परतलो, आणि कुणाला काही विचारायचे राहूनच गेले. छायाचित्रात मधोमध एक लहानशी, बरीच रुंद अंगाची पांढरी नौका आहे. तिला दोन डोलकाठ्या आहेत, मागची आखूड आहे. शिडे तीन कोनांची आहेत. नाळेपुढे एक लाकडी सोट निघालेला आहे. नाव वाचता येत नाही. सां-त्रोपेला पाहिलेल्या नौकांची ऐट तिच्यात नाही, आणि तरीही त्या दिवशीच्या चाळीस छायाचित्रांपैकी सहा मी तिचीच काढलेली आहेत. का काढली हे आज सांगता येणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सायली_ऐरोली

काका, धागा फार आवडला. मी शाळेत भूगोल शिकवते आणि भरती-ओहोटी शिकवताना मुलांना खाडीवर नेते, पण शिडांच्या बाबतीत माझे ज्ञान अगदी कमी आहे. उंच काठी पुढे की मागे यावरून नेमके काय ठरते, हे कुणी समजावून सांगेल का? केच, यॉल, स्कूनर हे शब्द मी वाचले आहेत, पण प्रत्येक वेळी त्यांची गल्लत होते.

घोडबंदर_वाचक

छायाचित्र पाहताच मला 'जोशुआ' आठवली. बर्नार मोआतेसिए या फ्रेंच खलाशाने 1968 च्या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत जी नौका नेली आणि शर्यत जिंकण्याच्या स्थितीत असताना युरोपकडे न वळता जी ताहितीपर्यंत पुढे हाकली, ती नौका. तीही दोन डोलकाठ्यांची आहे, दोन्ही टोकांना निमुळती आहे आणि आजही मेळ्यांमध्ये दिसते.

पश्चिमवारा (ठाणे)

उधाणसाहेब, सहाही छायाचित्रे चढवलीत हे उत्तम केलेत. ओळख पटवताना एका छायाचित्रावर विसंबल्याने बहुतेक चुका होतात. मी गेली अनेक वर्षे ऑक्टोबर ते मे या हंगामात रविवारी ठाण्याहून पहाटेची लोकल पकडून गेटवेसमोर शिडाची बोट चालवायला जातो. तेवढ्या अनुभवावर लिहितो, चूक असेल तर दुरुस्त करावी.

सायलीताई, आधी आपल्या प्रश्नाचे उत्तर. एकच डोलकाठी आणि तिच्यापुढे एकच शीड असेल तर ती स्लूप. एकच डोलकाठी पण पुढे दोन किंवा अधिक शिडे असतील तर ती सर्वसाधारणपणे कटर. दोन डोलकाठ्यांपैकी पुढची उंच आणि मागची आखूड असेल तर ती केच किंवा यॉल. मागची काठी पुढचीएवढी किंवा तिच्याहून उंच असेल तर ती स्कूनर. केच आणि यॉल यांतला भेद पुस्तकात असा देतात की मागची काठी सुकाणूच्या दांड्याच्या पुढे उभी असेल तर केच, आणि मागे असेल तर यॉल. लांबून सुकाणू दिसत नाही, म्हणून आम्ही मागच्या शिडाचा आकार पाहतो: केचचे मागचे शीड कामाचे, चांगले मोठे असते, तर यॉलचे रुमालाएवढे असते आणि बहुधा नौकेच्या अगदी शेपटीवर उभे असते. 1930 साली पाण्यात उतरलेली ऑलिन स्टीफन्स यांची 'डोरेड' ही यॉलचा उत्तम नमुना आहे. तिने 1936 साली कॅलिफोर्नियाहून हवाईपर्यंतची शर्यत जिंकली, आणि 2013 साली, म्हणजे वयाची 80 वर्षे उलटून गेल्यावर, तीच शर्यत पुन्हा जिंकली. नौकेच्या तक्तपोशीवर, म्हणजे वरच्या फळ्यांच्या मजल्यावर, हवा आत घेणारे पण पाणी बाहेर काढून टाकणारे जे लाकडी खोके आणि कर्णा असतो, त्याला जगभर याच नौकेचे नाव पडले आहे.

यानंतर शिडाचा आकार पाहावा. शीड चार कोनांचे असून त्याच्या माथ्याला तिरकी काठी असेल तर ते गॅफ, आणि तीन कोनांचे, उंच निमुळते असेल तर बर्म्युडा. ढोबळमानाने पहिल्या महायुद्धापूर्वीच्या मोठ्या नौका गॅफच्या आणि 1920 च्या दशकानंतरच्या बर्म्युडा शिडाच्या. पण नवशिके इथेच फसतात, आणि मीही फसलो आहे. शिडांची मांडणी बदलता येते. इंग्लंडच्या राजघराण्याची 1893 सालची 'ब्रिटानिया' जन्मली ती गॅफ कटर म्हणून, पण 1931 साली तिच्यावर बर्म्युडा शीड चढले होते. तिचे त्यानंतरचे छायाचित्र पाहून कुणी शिडावरून वय सांगू लागला तर तो जवळजवळ 40 वर्षांनी चुकेल.

म्हणून माझा भर नेहमी बांध्यावर असतो. बांधा बदलणे म्हणजे नवी नौका बांधणे. बांध्यावरून त्या काळचा शर्यतीचा नियमसुद्धा वाचता येतो, आणि या छंदातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. 1880 च्या सुमारास इंग्लंडमध्ये नौकेच्या मापनाचा जो नियम होता त्यात रुंदीवर जबर दंड बसत असे. त्यामुळे आखणीकारांनी नौका इतक्या अरुंद आणि खोल केल्या की उभ्या धारेवर ठेवलेल्या फळीसारख्या दिसाव्यात. त्यांची नाळ सरळ उभी असते. पुढे नियम बदलून पाण्यावरच्या रेषेची लांबी मोजली जाऊ लागली, तेव्हा नौकेची दोन्ही टोके पाण्याच्या वर लांबवर पसरू लागली. उभी असताना नौका पाण्याला कमी लांबीत टेकलेली असते, म्हणून मापात लहान ठरते. पण वाऱ्याने कलंडली की ती पसरलेली टोके पाण्यात बसतात, पाण्यातली लांबी वाढते, आणि शिडाच्या जड नौकेचा कमाल वेग पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असल्याने वेगही वाढतो. सां-त्रोपेला ज्या नौकांचे पुढचे आणि मागचे टोक हंसाच्या मानेसारखे लांबलेले दिसले असेल, त्यांचे सौंदर्य असे हिशेबातून आलेले आहे. त्यामुळे ते सौंदर्य मला जराही कमी वाटत नाही.

तिसरी खूण शिडावरची अक्षरे आणि आकडे. 1930 च्या दशकातील 'जे' वर्गाच्या प्रचंड नौका 1930 ते 1937 या काळात केवळ 10 बांधल्या गेल्या, आणि त्यांपैकी 'शॅमरॉक 5', 'व्हेलशेडा' आणि 'एन्डेव्हर' या तीनच मूळ नौका शिल्लक आहेत. शिडावर 'जे के 3' दिसले तर शॅमरॉक, 'जे के 7' दिसले तर व्हेलशेडा, 'जे के 4' दिसले तर एन्डेव्हर. यातले 'के' हे अक्षर ब्रिटनचे. मात्र 'जे 5' दिसले तर सावध व्हावे. 1937 साली अमेरिका चषक जिंकणारी मूळ 'रेंजर' मोडीत निघाली, आणि आज समुद्रावर दिसते ती या शतकात तिच्याच नावाने बांधलेली प्रतिकृती आहे. स्कूनरांमध्ये 'एलिओनोरा' हीदेखील नॅथॅनिएल हेरेशॉफ यांच्या 1910 सालच्या 'वेस्टवर्ड'ची प्रतिकृती आहे. प्रतिकृती वाईट असते असे मी म्हणत नाही. छायाचित्राखाली सन लिहिताना मात्र हा भेद नोंदवलाच पाहिजे.

आता आपल्या छायाचित्राविषयी. ही नौका नि:संशय केच आहे. मागचे शीड मोठे आहे आणि काठी सुकाणूच्या बरीच पुढे आहे. घोडबंदर_वाचक यांचा तर्क आकाराच्या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे, पण 'जोशुआ' पोलादी आहे, सुमारे 12 मीटर लांब आहे, आणि मुख्य म्हणजे लाल रंगाची आहे. ती ला रोशेल येथील सागरी संग्रहालयाकडे असते. ही नौका पांढरी आहे, आणि शेजारच्या रबरी होडीतील माणसाच्या उंचीशी तुलना केली तर 10 मीटरपेक्षा मोठी नसावी. माझ्या मनात एक नाव आले आहे, पण मागच्या टोकाविषयी खात्री झाल्याशिवाय ते लिहिणे योग्य नाही. चेंदणीच्या दादांनी चौथे छायाचित्र मोठे करून पाहावे अशी विनंती करतो. लाकडाकडे पाहण्याची त्यांची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे.

चेंदणीचा_खलाशी (ठाणे, कोळीवाडा)

आठवण काढलीत, आभारी आहे. सर्व छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहिली.

मागचे टोक निमुळतेच आहे, यात शंका नको. फळ्या पुढे जशा एकत्र येऊन मिळतात तशाच मागेही मिळतात, सपाट पाट कुठेही नाही. सुकाणू अंगाच्या आत न घेता मागच्या खांबावर बाहेरून टांगलेले आहे, ते चौथ्या छायाचित्रात लाटेच्या खोलगटात स्पष्ट दिसते. असे सुकाणू मोडले तर समुद्रातही काढता-बसवता येते, म्हणून कामाच्या होड्यांना ते पसंत केले जाते. अंग फुगीर आहे आणि कडा मध्यभागी खाली येऊन दोन्ही टोकांना उचललेली आहे. माझ्या मते ही शर्यतीसाठी आखलेली नौका नव्हे. ही कोणत्या तरी वादळी किनाऱ्यावरच्या कामकरी नौकेची मुलगी आहे. मागून येणारी मोठी लाट सपाट पाटावर आदळली तर होडीला धक्का देऊन आडवी फिरवते. निमुळत्या टोकावर ती दुभंगते आणि दोन्ही अंगांनी पुढे जाते. ज्यांना वादळात बाहेर जावेच लागते, ती माणसे अशी होडी बांधतात.

पश्चिमवारा यांनी बांध्याविषयी जे लिहिले आहे ते आमच्याकडे जन्मापासून शिकवले जाते, फक्त शब्द वेगळे आहेत. आमच्या आजोबांच्या काळी ठाण्याच्या खाडीतून कौले, विटा, रेती आणि गवताच्या पेंढ्या शिडाच्या मचव्यांतून आणि पडावांतून जात असत. ते सांगत की कोपरीच्या वळणावर शीड दिसले की नाखवा कोण हे कळायचे. शीड ठिगळाचे असले तर ठिगळावरूनही कळायचे. आपल्या शिडाला तिरके लांब परबाण, म्हणजे शीड बांधायचा सोट, असते, डोलकाठी पुढच्या बाजूला झुकलेली असते, आणि शिडाचा पुढचा कोपरा कापलेला असल्याने ते लांबून तीन कोनांचे वाटले तरी चार कोनांचे असते. मोठ्या गलबतांवर मागे जी आखूड दुसरी काठी असते तिला आम्ही कलमी म्हणतो. सायलीताईंनी मुलांना सांगताना केचची मागची काठी म्हणजे कलमी असे सांगितले तर मुलांच्या लगेच ध्यानात येईल. नंतर इंजिने आली, परबाणे उतरली, शिडे गेली. तरी आजही आमच्या वाड्यातले म्हातारे नुसती नाळ पाहून होडी कोणत्या गावच्या सुताराने बांधली ते सांगतात, कारण शीड उतरवले तरी पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि नाळ तीच राहते.

आणखी एक सुचवावेसे वाटते. नौका ओळखण्याचा सराव करायला परदेशी जायलाच हवे असे नाही. बोरिवलीजवळ एकसर येथे वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या, दोन्ही टोके उंच उचललेल्या युद्धनौका कोरलेल्या आहेत. आपल्या ठाण्याचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव यांच्यातील तेराव्या शतकातील लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. त्या दगडासमोर उभे राहून नाळ कुठली, वल्ही किती, शीड आहे की नाही, असे प्रश्न स्वतःला विचारावेत.

उधाणकाका, लाकूड कोणते ते छायाचित्रावरून मी सांगू शकत नाही, कारण वर रंग आहे. पण ती पाण्यात बसली आहे ती जड लाकडाची होडी बसते तशी. पोलादाची किंवा फायबरची वाटत नाही.

पश्चिमवारा

दादा, आपण 'वादळी किनाऱ्यावरच्या कामकरी नौकेची मुलगी' असे लिहिलेत आणि माझी शंका फिटली. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या मच्छीमारांना सोडवण्यासाठी कॉलिन आर्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या बचावनौका आखल्या, त्या अशाच होत्या: दोन्ही टोके निमुळती, अंग फुगीर, सुकाणू बाहेर. त्यांवरून 1920 च्या दशकात विल्यम ॲटकिन या अमेरिकी आखणीकाराने 32 फुटांची 'एरिक' नावाची आखणी केली. आणि त्या आखणीवरून बांधलेली, बर्म्युडा शिडाची, जगातली सर्वांत प्रसिद्ध केच म्हणजे 'सुहैली'.

उधाणसाहेब, ती सुहैली मुंबईत बांधली गेली. साग आपला, सुतार आपले. ब्रिटिश व्यापारी जहाजावर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती इथे बांधून घेतली, डिसेंबर 1964 मध्ये ती पाण्यात उतरली, आणि पुढे ते आफ्रिकेला वळसा घालून तिला इंग्लंडला घेऊन गेले. तिची बांधणी लाकूड तासायचे वाकस आणि भोक पाडायचा, दोरीने फिरवायचा सामता अशा परंपरागत हत्यारांनी झाली. 14 जून 1968 रोजी ती फालमथहून निघाली आणि 312 दिवसांनी परत फालमथलाच आली. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा मानवाचा तो पहिला प्रसंग. घोडबंदर_वाचक यांनी उल्लेख केलेली 1968 ची शर्यत हीच. तीत नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारी ही एकटीच. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही 1817 सालची सागाची युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे हे बऱ्याच जणांना माहीत असते. सुहैलीचा मुंबईशी असलेला संबंध मात्र आपल्याकडे त्या मानाने कमी सांगितला जातो, आणि मला त्याचे नेहमी वाईट वाटते.

तरीही घाईने नाव लिहू नये. एरिकच्या आखणीवरून अनेक नौका बांधल्या गेल्या आहेत. शिवाय सुहैलीला एक जुळी बहीण आहे. 1968 च्या शर्यतीच्या स्मरणार्थ 2018 मध्ये झालेल्या शर्यतीसाठी भारतीय नौदलातील अधिकारी अभिलाष टॉमी यांनी गोव्यात सुहैलीची प्रतिकृती बांधून घेतली होती, तिचे नाव 'थुरिया'. लांबून या दोघींत फरक करणे मला जमेल असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. म्हणून विचारतो, छायाचित्राची नेमकी तारीख मिळेल का? नुसता महिना नको, दिवस हवा.

उधाण_नेरूळ

आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. मुंबईत बांधलेली नौका पाहायला नेरूळहून फालमथला गेलो आणि ती समोर असताना ओळखली नाही, हे मनाला फार लागले.

फाइलच्या माहितीत तारीख आहे: 22 एप्रिल 2019, दुपारची वेळ.

पश्चिमवारा

साहेब, प्रश्न सुटला.

एक तर थुरिया बाद होते. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंद महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, अभिलाष टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली, फ्रेंच मासेमारी खात्याच्या नौकेने त्यांना सोडवले आणि थुरिया तिथेच सोडून द्यावी लागली. एप्रिल 2019 मध्ये ती फालमथला असणे शक्य नाही.

दुसरे म्हणजे सुहैली प्रदक्षिणा पूर्ण करून फालमथला पोहोचली तो दिवस होता 22 एप्रिल 1969. आपले छायाचित्र बरोबर 50 वर्षांनंतरचे आहे. त्या दिवशी सर रॉबिन वयाच्या 80 व्या वर्षी सुहैली घेऊन पुन्हा फालमथ बंदरात शिरले होते. पेंडेनिसच्या टोकावरची गर्दी त्यासाठी होती. बांधा, मांडणी, आकार, ठिकाण आणि तारीख या पाचही गोष्टी एकाच नावाकडे बोट दाखवतात, तेव्हा आता निर्धास्तपणे नाव लिहावे.

सायली_ऐरोली

वाचताना अंगावर काटा आला. एक प्रश्न मात्र मनात येतो. इतक्या वर्षांत फळ्या, खिळे, शिडे, दोर बदलले गेले असतील. मग तिला तीच नौका म्हणायचे आणि थुरियाला प्रतिकृती म्हणायचे, ही रेघ नेमकी कुठे ओढायची?

पश्चिमवारा

ताई, याविषयी मेळ्यांमध्ये तासन् तास वाद चालतात. माझे मत असे की नौका सतत वापरात राहून तिचा एकेक भाग झिजला म्हणून बदलला गेला असेल तर ती तीच नौका. मूळ नौका नाहीशी झाल्यावर आराखड्यावरून नव्याने उभी केलेली ती प्रतिकृती. सुहैलीच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. 1990 च्या दशकात तिला लंडनमध्ये ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आले होते. तिथल्या नियंत्रित, कोरड्या हवेत तिच्या सागाच्या फळ्या आक्रसू लागल्या. ती अशी मरताना पाहवेना म्हणून सर रॉबिन यांनी 2002 साली तिला बाहेर काढले आणि दुरुस्त करून पुन्हा पाण्यात घातले.

चेंदणीचा_खलाशी

यात आम्हांला नवल वाटत नाही. वैशाखात ओढून ठेवलेल्या लाकडी होडीच्या सांध्यांत बोटभर नाही तरी नखभर फट पडतेच. सांध्यात कापूस ठोकून राळ भरतात, आणि तरीही पाण्यात ढकलल्यावर पहिले एक-दोन दिवस ती पाणी घेते. मग लाकूड फुगते आणि सांधा आपोआप आवळतो. होडी पाण्यातच जगते. संग्रहालयातली होडी पाहून मला नेहमी चुकल्यासारखे वाटते, ते यामुळेच. ज्यांना लाकडाची जुनी नौका पाहायची असेल त्यांनी ती पाण्यावर असताना पाहावी, आणि शक्य झाले तर वारा असताना पाहावी.

सायलीताई, मुलांना न्यायचे असेल तर 'कौंडिण्य'विषयीही सांगा. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील चित्रावरून केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेले ते जहाज मे 2025 मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. ते प्रतिकृती आहे की पुनर्रचना, हा वाद अभ्यासकांनी करावा. शिवणारे हात मात्र खरे आहेत.

घोडबंदर_वाचक

जोशुआविषयीचा माझा तर्क चुकला, पण 1968 ची शर्यत तीच होती याचे समाधान आहे. पुढच्या वेळी रंग आधी पाहीन.

पश्चिमवारा

रंग शेवटी पाहावा, असे मी सुचवेन. जोशुआ वगळण्यासाठी रंग उपयोगी पडला, कारण तिचा लाल रंग ही तिची ओळखच आहे. इतर नौकांचा रंग मालक बदलला की बदलतो.

डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या रविवारी मंडळींना सोयीचे असेल तर आपण गेटवेवर भेटू. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला की बंदरात लहान बोटींच्या शर्यती चालू असतात. मोठ्या जुन्या नौका तिथे दिसणार नाहीत, पण स्लूप आणि कटर यांतला भेद, वाऱ्याकडे तोंड करून नागमोडी जाणे, कलंडल्यावर पाण्यातली लांबी कशी वाढते, हे सारे डोळ्यांनी पाहता येईल. नौदलाचे 'तरंगिणी' बंदरात आलेले असेल तर तीन डोलकाठ्यांचे, पुढच्या दोन काठ्यांवर आडवी आणि मागच्या काठीवर उभी शिडे असलेले जहाजही पाहायला मिळेल. त्या मांडणीला बार्क म्हणतात. दुर्बीण असेल त्यांनी जरूर आणावी.

उधाण_नेरूळ (धागाकर्ता)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी येईन, आणि पत्नीही येईल. फालमथहून आपल्यामुळे लवकर निघावे लागले याची तिला कालपासून रुखरुख लागली आहे. ती तिने बाळगू नये असे मी तिला सांगितले, कारण छायाचित्रे काढून झाली होती.

त्या छायाचित्राखाली मी आता पुढीलप्रमाणे लिहिले आहे: 'सुहैली. केच, 32 फूट, बर्म्युडा शिडे. आखणी विल्यम ॲटकिन. साग. बांधणी मुंबई, 1964. फालमथ येथे 22 एप्रिल 2019 रोजी पेंडेनिसच्या टोकावरून पाहिली.'

आखणीकाराचे नाव लिहिल्यावर बांधणाऱ्या सुतारांची नावेही लिहावीत असे फार वाटले. 1963-64 च्या सुमारास मुंबईत सागाच्या लहान नौका बांधणारे कारागीर कोणत्या गावांचे होते, त्यांच्या घरी त्या कामाची काही आठवण, एखादे छायाचित्र, एखादे हत्यार उरले आहे का, याची कुणाला माहिती असल्यास कृपया याच धाग्यावर लिहावी. ओळीच्या शेवटी मी जागा मोकळी ठेवली आहे.

चेंदणीचा_खलाशी

काका, आमच्या वाड्यात ऐंशी पार केलेले दोन सुतार आहेत आणि दिवाळे गावी आमच्या मामांकडे एक आहेत. येत्या रविवारी आधी दिवाळ्याला जातो. मामांना छायाचित्र दाखवायचे आहे, तर चौथे मोठ्या आकारात पाठवून ठेवा, ज्यात मागचा खांब दिसतो ते.